विहिरी समुद्रात, कंट्रोल रूम शहरात: पुतण्याला काय सांगू?

लाटांवरचा
नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचत होतो. आज लिहायला बसलो, कारण गेले आठ दिवस घरात जेवताना दुसरा विषय नाही.

पुतण्या इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनियर. त्याला एका तेल कंपनीच्या किनाऱ्यावरच्या मध्यवर्ती कंट्रोल रूममध्ये नोकरी मिळते आहे. समुद्रातल्या मानवरहित प्लॅटफॉर्मवरच्या विहिरींचे दाब, तापमान, गॅस लिफ्टचा (तेल वर यावं म्हणून विहिरीत सोडलेल्या वायूचा) प्रवाह आणि कुठला व्हॉल्व्ह उघडा, कुठला बंद, हे सगळं पडद्यावर बघायचं. बिघाड ओळखायचा. इथूनच चोक, म्हणजे विहिरीचा प्रवाह आवरणारा व्हॉल्व्ह, कमीजास्त करायचा, वेळ आली तर इथूनच विहीर बंद करायची. एसी खोली, आठ तासांची पाळी, रात्री घरचं जेवण. वहिनी खूश आहे. माझ्याच पोटात कालवाकालव चाललीय.

कारण मी त्याच समुद्रात २७ वर्षं काढली. १४ दिवस पाण्यावर, १४ दिवस घरी. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर, बॉम्बे हायला, १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या जहाजाने तेल शोधलं, १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं. मी गेलो त्याच्या पुष्कळ नंतर, पण तोवरही बरीचशी कामं हाताने आणि कानाने चालायची.

एक प्रसंग सांगतो, म्हणजे कालवाकालव कसली ते कळेल. एका प्लॅटफॉर्मवरच्या एका विहिरीचा दाब पडद्यावर नऊ दिवस एकाच आकड्यावर होता. ग्राफ म्हणजे पट्टीने ओढलेली रेघ. किनाऱ्यावरून फोन आला, की ही तुमची सर्वात शांत विहीर, बाकीच्यांना हिच्यासारखं करा. आमचे सीनियर ऑपरेटर म्हणाले, उद्याच्या सॉर्टीला, म्हणजे हेलिकॉप्टरच्या फेरीला, मी जातो. मलाही बरोबर नेलं. उतरल्या उतरल्या त्यांनी मीटर बघितलाच नाही. शेजारशेजारच्या दोन फ्लोलाइनना, म्हणजे विहिरीतून तेल नेणाऱ्या पाइपांना, हाताची मागची बाजू लावली आणि मला म्हणाले, तूही लाव. एक कोमट होती. दुसरी, म्हणजे ‘शांत’ विहिरीची, पहाटेच्या नळासारखी गार. विहीर मरून पडली होती. ट्रान्समीटरकडे, म्हणजे दाब मोजून आकडा पाठवणाऱ्या उपकरणाकडे, जाणारी बारीक नळी मेणाने बुजली होती आणि आत कोंडलेला जुना दाब नऊ दिवस पडद्यावर दिसत होता.

ते तेव्हा म्हणाले होते, जिवंत विहिरीचा आकडा थरथरतो. थरथर थांबली की घाबरायचं.

माझं मत असं. दुरून बघा, जरूर बघा. दुरून बंदही करा. पण बंद पडलेली विहीर दुरून सुरू करू नका, आधी कोणीतरी जाऊन डोळ्यांनी बघायला हवं. आणि ज्याने ती नळी कधी हाताला लावली नाही, त्याला त्या खुर्चीत बसवू नका. पुतण्या समुद्रात एकही दिवस न घालवता थेट खुर्चीत बसणार आहे. त्याला हो म्हणू की नको?

तांबडा_रस्सा
वाचतोय. विहीर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर रहाट आणि पोहरा येतो, तेव्हा जरा सोपं करून सांगा. मानवरहित म्हणजे खरंच तिथे कुणीच नसतं? मग वीज कुठून येते? आणि आग लागली तर?

सांजवेळ
त्या थरथरीच्या वाक्याला दंडवत. वाचनखूण साठवली.

लाटांवरचा
@तांबडा_रस्सा, चांगलं विचारलंत.

लोखंडी मचाण समजा, समुद्रात पाय रोवून उभी. वर काही विहिरींची तोंडं, एक हेलिपॅड, थोडी यंत्रं. राहायची सोय नाही. सकाळी हेलिकॉप्टर माणसं सोडतं, अंधाराआधी उचलतं. विहिरींतून आलेलं तेल आणि वायू समुद्रतळावरच्या पाइपातून मोठ्या प्रोसेस प्लॅटफॉर्मवर जातं, तिथून उरणला.

वीज सौर पॅनेलची, खाली बॅटऱ्या. त्यावर आरटीयू नावाचं कपाट चालतं. ते सगळ्या ट्रान्समीटरचे आकडे गोळा करून रेडिओने पाठवतं. आमचा कायमचा शत्रू म्हणजे समुद्रपक्षी. त्यांच्या शिटेचा पॅनेलवर इतका जाड थर बसायचा की बॅटरी उतरून अख्खा प्लॅटफॉर्म पडद्यावरून गायब व्हायचा. त्यामुळे सॉर्टीच्या सामानात पान्यांबरोबर बादली आणि ब्रशही असायचा.

आगीचं उत्तर मला फार आवडतं. विहिरीचे सुरक्षा व्हॉल्व्ह दाबाने उघडे धरलेले असतात. दाब गेला की स्प्रिंग त्यांना आपोआप बंद करते. प्लॅटफॉर्मभर एक बारीक नळी फिरवलेली असते, दाबाने भरलेली, आणि तिच्यात जागोजागी लवकर वितळणाऱ्या धातूची बुचं. आग लागली की जवळचं बूच वितळतं, नळीतला दाब निघून जातो, विहिरी मिटतात. वीज नको, रेडिओ नको, माणूस नको. समुद्रतळाच्या खाली विहिरीच्या आतही असा एक व्हॉल्व्ह असतो, वरचं सगळं वाहून गेलं तरी तो मिटावा म्हणून.

म्हणून म्हणतो, बंद होण्याची सोय निसर्गासारखी आपोआप हवी, आणि सुरू करताना माणूस हवा.

फ्योर्डकाठी
काका, आदर ठेवून असहमत. मी नॉर्वेत स्टावांगरला आहे, याच क्षेत्रात अकरा वर्षं.

इथे इवार आसेन नावाच्या प्लॅटफॉर्मची कंट्रोल रूम २०१९ च्या जानेवारीत थेट ट्रॉन्डहाइम शहरात आणली. प्लॅटफॉर्मवर माणसं आहेत, पण कंट्रोलच्या खुर्च्या किनाऱ्यावर. वालेमोन हा प्लॅटफॉर्म बर्गेन शहरातून चालतो. ओसेबर्ग एच २०१८ मध्ये सुरू झाला, त्यावर राहायची जागा नाही आणि हेलिपॅडसुद्धा नाही. देखभालीला माणसं जहाजातून जातात, जहाजाचा हलता पूल प्लॅटफॉर्मला टेकतो आणि त्यावरून चालत जायचं.

हे जमतं कारण समुद्रतळाला फायबरच्या केबल आहेत, कॅमेरे आहेत, आणि एकाच गोष्टीला दोन-तीन ट्रान्समीटर आहेत. तुमची बुजलेली नळी इथे नऊ दिवस लपली नसती. दुसऱ्या ट्रान्समीटरशी आकडा जुळला नाही की यंत्रणाच ओरडते. आणि आकडा फार वेळ हलला नाही तर त्याचाही वेगळा अलार्म असतो. तुमच्या सीनियरांचं वाक्य आता प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असतं!

दुरून सुरू करू नका हा नियम सरसकट लावला, तर वादळात एखाद्या क्षुल्लक कारणाने ट्रिप झालेली, म्हणजे आपोआप बंद पडलेली, निरोगी विहीर दिवसेंदिवस बंद राहील.

लाटांवरचा
@फ्योर्डकाठी, प्रोग्रॅममध्ये लिहिलंय हे वाचून खरंच आनंद झाला. ते सीनियर आज हयात नाहीत, त्यांना सांगायला आवडलं असतं.

पण नवा प्लॅटफॉर्म पहिल्यापासून तसा बांधणं वेगळं आणि १९८० च्या सुमाराच्या लोखंडावर नंतर तारा ओढणं वेगळं. आमच्या खाऱ्या हवेत जंक्शन बॉक्स उघडला की आत हिरवी बुरशी आल्यासारखं तांबं दिसायचं. पावसाळ्याचे चार महिने तर विचारू नका.

वाळूतला_माणूस
ओमानहून. आधी बाडमेरला होतो, तिथलं आधी सांगतो.

राजस्थानातल्या मंगला क्षेत्रातलं तेल मेणाने इतकं भरलेलं की मोकळ्या हवेत बाटलीत ठेवलं तर बाटली उलटी केली तरी पडत नाही. हे क्षेत्र २००४ मध्ये सापडलं, २००९ च्या ऑगस्टमध्ये उत्पादन सुरू झालं. ते तेल गुजरातच्या किनाऱ्याकडे न्यायला सुमारे ६७० किलोमीटरची पाइपलाइन टाकली, सबंध लांबीभर तापवलेली. ती कुठे थंड पडली तर आत सहाशे किलोमीटरची मेणबत्ती तयार होईल. आता सांगा, इतक्या लांबीवर हात लावून कोण बघणार? तिथे एका खोलीत बसून प्रत्येक टप्प्याचं तापमान बघण्याशिवाय दुसरा मार्गच नाही.

ओमानमध्ये प्रश्न संख्येचा. विहिरी हजारांनी, वाळवंटात पसरलेल्या. पूर्वी ऑपरेटर पिकअप घेऊन दिवसभर फिरायचा, विहिरीमागे दोन मिनिटं थांबायचा, आकडा टिपून पुढे. त्यातली बहुतेक ठणठणीत असायची. आता उलटं आहे. संगणक सगळ्यांवर नजर ठेवतो आणि सकाळी फक्त बिघडलेल्यांची यादी देतो. गाडी फक्त तिथेच जाते. वाळवंटात आमच्या कामातला सर्वात मोठा धोका तेलाचा किंवा वायूचा नाही, रस्त्याचा आहे. प्रवास जितका कमी तितकी माणसं घरी परत येतात.

पुतण्याला हो म्हणा.

एरंडीचं_शेत
मी मेहसाण्याला, उत्तर गुजरात. आमच्याकडे समुद्र नाही, आमच्या विहिरी शेतात. एका बाजूला एरंडी, एका बाजूला जिरं, मधे मान वरखाली करणारा पंप. इथलं काही तेल काकवीसारखं घट्ट. बलोल आणि सांथलला तर जमिनीखाली हवा सोडून थोडं तेल तिथेच जाळतात, त्या उष्णतेने उरलेलं पातळ होऊन सरकतं.

मान हलवणाऱ्या पंपाच्या दांड्यावर लोड सेल, म्हणजे भार मोजणारं उपकरण, बसवला की प्रत्येक फेरीला एक बंद आकृती मिळते. आडव्या बाजूला दांडा कुठे आहे ते, उभ्या बाजूला त्यावर किती भार. ह्याला डायनो कार्ड म्हणतात. पंप पूर्ण भरत असेल तर आकृती साधारण समांतरभुज चौकोन. विहिरीत तेल कमी पडलं की खालचा उजवा कोपरा कापल्यासारखा दिसतो, म्हणजे दांडा खाली येताना आधी पोकळीतून जातो आणि मग धाडकन तेलावर आदळतो. वायू शिरला तर तोच कोपरा तुटक न दिसता गोलसर होतो.

ही आकृती ऑफिसात बसून दिसायला लागल्यापासून आमचं आयुष्य बदललं. पूर्वी दांडा तुटला की शेतकऱ्याचा फोन यायचा, "साहेब, तुमचा पंप मान हलवतोय पण आवाज वेगळा येतोय." आता कोपरा कापलेला दिसला की कंट्रोलर स्वतःच पंप थांबवतो, विहीर भरू देतो, पुन्हा सुरू करतो. दिवसातून कितीतरी वेळा. काका, इथे दुरून नव्हे, आपोआपच सुरू होतं, आणि ते बरोबरही आहे. फक्त कुंपण हवं, पाटी हवी. जनावर किंवा पोर थांबलेल्या पंपाजवळ गेलं तर तो अचानक हलू शकतो.

शेतकऱ्याचा फोन मात्र अजून येतो, आणि अजून मोलाचा असतो. पाइपाजवळची जिऱ्याची रोपं पिवळी पडली हे कुठल्याच ट्रान्समीटरला कळत नाही.

सांजवेळ
जिऱ्याच्या शेतात तेलाची विहीर! माझ्या फोडणीला आता वेगळाच मान मिळेल.

गजर
मी रिफायनरीत पॅनेल ऑपरेटर आहे, म्हणजे कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर बसणारा, उत्पादन क्षेत्रात नाही. पण खुर्चीबद्दल बोलायचा हक्क मला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळे म्हणताहेत पडदा बघतो, पडदा ओरडतो. ओरडण्याचाच तर प्रश्न आहे. १९९४ च्या जुलैमध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवन रिफायनरीत स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. दर अडीच सेकंदांना एक. त्यात खरं कारण सांगणारा अलार्म होता की नव्हता याने काय फरक पडतो? माणूस त्या वेळी फक्त आवाज बंद करायचं बटण दाबत राहतो.

आता उद्योगात एक मापदंड मानतात, की नेहमीच्या दिवशी एका ऑपरेटरला दहा मिनिटांत साधारण एकच अलार्म यावा. पण एका प्लॅटफॉर्मच्या जागी तीस प्लॅटफॉर्म एका खुर्चीला जोडले, तर हे गणित कोण बघतं? समजा गॅस लिफ्टचा कॉम्प्रेसर ट्रिप झाला. मग त्यावर जगणाऱ्या सगळ्या विहिरी एकामागोमाग खाली यायला लागतात आणि प्रत्येकीचे दोन-तीन अलार्म. पहिला अलार्म खरा, बाकी सगळी त्याची पिल्लं. पहिला वर राहील आणि पिल्लं दबतील अशी रचना आधी कोणीतरी बसून करावी लागते. हे कंटाळवाणं काम आहे, त्यात कुणाला फोटो काढता येत नाही, आणि म्हणून ते राहून जातं.

पुतण्याने मुलाखतीत एवढंच विचारावं: मागच्या महिन्यात तुमच्या एका ऑपरेटरला सरासरी किती अलार्म आले? उत्तर तयार असेल तर जागा चांगली.

तांबडा_रस्सा
एक अवांतर शंका. बातम्यांत येतं की रोज इतकी पिंपं तेल निघालं. म्हणजे प्रत्येक विहिरीचं तेल पडद्यावर क्षणाक्षणाला मोजलेलं दिसतं का?

एरंडीचं_शेत
नाही, आणि बाहेरच्या माणसाला याचंच सर्वात नवल वाटतं. एकूण तेल नीट मोजलेलं असतं, पण विहिरीगणिक बहुधा नाही. प्रत्येक विहिरीचा प्रवाह पाळीपाळीने टेस्ट सेपरेटरकडे वळवतात, काही तास तेल, पाणी, वायू वेगळे करून मोजतात, आणि पुढच्या चाचणीपर्यंत तोच आकडा धरून एकूण तेल विहिरींच्या नावे वाटून टाकतात. एकत्र कुटुंबात किराण्याचं बिल वाटून घेतात तसं. आता काही ठिकाणी तिन्ही एकत्र मोजणारे मीटर बसवतात, काही ठिकाणी दाब आणि तापमानावरून संगणक अंदाज काढतो. पडद्यावर दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा दिसतो म्हणून तो मोजलेलाच आहे असं समजू नये.

लाटांवरचा
हे लाख बोललात. दशांश स्थळं बघून साहेब लोक फसतात.

कुलूपकिल्ली
अजून कोणी सायबर हल्ल्याचं बोललं नाही. २०१७ मध्ये सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यावर ट्रायटन नावाचा हल्ला झाला. तो साध्या कंट्रोलवर नव्हता, सुरक्षा यंत्रणेवर होता. म्हणजे धोका आल्यावर कारखाना बंद करणाऱ्या यंत्रणेवरच. सुदैवाने त्या यंत्रणेने गोंधळ झाल्यावर कारखाना बंद केला आणि म्हणून प्रकरण उजेडात आलं.

माझ्या डोक्यातून न जाणारी गोष्ट अशी, की त्या कंट्रोलरवर एक खरीखुरी, हातात धरायची किल्ली असते. ती ‘प्रोग्रॅम’ या जागी फिरवलेली राहिली होती. ‘रन’वर असती तर बाहेरून नवा प्रोग्रॅम आत घालता आला नसता. सगळं दूरून चालवायच्या जगात एवढं मोठं संकट एका किल्लीच्या पाव फेऱ्यापाशी येऊन थांबतं.

काकांच्या वितळणाऱ्या बुचाला कोणी हॅक करू शकत नाही. ते काढून टाकायला निघालेल्यांना अडवा.

फ्योर्डकाठी
+१. ते बूच कोणीच काढत नाही. इथेही सुरक्षा यंत्रणा वेगळी आणि स्वतंत्रच असते. माझा मुद्दा फक्त रोजच्या चालवण्याबद्दल होता.

परतीची_वाट
मी इंजिनियर नाही. माझे मिस्टर २२ वर्षं समुद्रात जात होते, म्हणून लिहिते.

तुम्ही सगळे विहिरीबद्दल बोलता आहात. माझ्यासाठी ही नोकरी म्हणजे एक फोन होता. सकाळी जुहूहून हेलिकॉप्टर उडालं की मी स्वयंपाकघरात उगाच भांडी लावत बसायची. "पोचलो" एवढा एक शब्द आला की मग चहा. २०१८ च्या जानेवारीत जुहूहून निघालेलं हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं, आतले सातही जण गेले. मिस्टर त्या आठवड्यात घरी होते. ते टीव्हीपुढून उठून बाल्कनीत गेले आणि संध्याकाळपर्यंत आत आले नाहीत. २०२२ च्या जूनमध्ये पुन्हा एक हेलिकॉप्टर पाण्यात उतरलं, चौघे गेले.

लाटांवरचा भाऊ, तुम्ही म्हणता बंद पडलेली विहीर सुरू करायला माणसाने जाऊन बघावं. तो माणूस कुणाचा तरी असतो. एका व्हॉल्व्हचं रीसेट करायला पाच माणसं समुद्रावरून उडवायची, आणि ते काम जर खोलीतून होत असेल, तर ते खोलीतूनच व्हायला हवं. मला यात दुसरी बाजू दिसत नाही.

सांजवेळ
ताई, काय लिहू. भांडी लावत बसण्याचं वाचून डोळे भरले.

लाटांवरचा
ताई, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही. आमच्या घरीही तो फोन होता. मी तो करणारा होतो, ऐकणारा नव्हतो, म्हणून मला तो कधी मोजता आला नाही.

माझा नियम मी बदलतो. कारण ठाऊक असेल, दुसऱ्या उपकरणाने ते पक्कं झालं असेल, आणि कॅमेऱ्यात सगळं जागच्या जागी दिसत असेल, तर विहीर खोलीतून सुरू करा. नुसतं रीसेट करायला माणूस उडवू नका. पण वायूच्या किंवा आगीच्या इशाऱ्याने बंद झाली असेल, किंवा का बंद झाली हे कोणाला सांगता येत नसेल, तर जाऊन बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. त्यात मात्र मी हलणार नाही.

आणि बंद करण्याबद्दल आणखी एक. २७ जुलै २००५, मुंबईतल्या महापुराचा दुसरा दिवस. बॉम्बे हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मजवळच्या जहाजावरच्या एका स्वयंपाक्याच्या हाताच्या बोटांना जखम झाली होती. हवामानामुळे हेलिकॉप्टर नव्हतं, म्हणून जहाजच त्याला प्लॅटफॉर्मवर द्यायला जवळ आलं, लाटांनी ढकललं, आणि वायूच्या उभ्या पाइपाला धडकलं. दोन तासांत सात मजली प्लॅटफॉर्म संपला. एकंदर ३८४ जण होते. २२ परत आले नाहीत. मी त्या पाळीत घरी होतो. ज्या टेबलावर मी बुद्धिबळ खेळायचो ते टेबल आता समुद्राच्या तळाशी आहे.

अशा वेळी कुठल्याही खोलीतल्या माणसाला त्या क्षणी काय दिसणार? पाइपात दाब घसरला, एवढंच. ज्वाळा तिथल्या माणसालाच दिसतात. म्हणून बंद करायचं बटण तिथे हवं आणि ते दाबायला कुणाची परवानगी लागता कामा नये.

गजर
याला जोडून पायपर अल्फा या प्लॅटफॉर्मची गोष्ट. ६ जुलै १९८८, उत्तर समुद्र, १६७ मृत्यू. पायपरवर आग भडकली होती, पण त्याच पाइपलाइनला जोडलेल्या क्लेमोर आणि टार्टन या शेजारच्या प्लॅटफॉर्मांवरून तेल येणं बराच वेळ चालूच राहिलं. बंद करण्याइतकं हे गंभीर आहे का, किनाऱ्यावर विचारावं का, यात वेळ गेला. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या. आज उत्तर समुद्रात जी शिस्त आहे ती त्यातून आली.

फ्योर्डकाठी
हो, आणि म्हणूनच मला किनाऱ्यावरची खोली हवी आहे! क्लेमोरच्या माणसाला पायपरचा दाब दिसत नव्हता. एकाच पडद्यावर तिन्ही प्लॅटफॉर्म दिसले असते तर?

गजर
दिसले असते तरी बंद करायला हात धजला असता का, हा प्रश्न उरतोच. उत्पादन बंद केल्याबद्दल दुसऱ्या दिवशी जाब विचारला जातो. बंद न केल्याबद्दल मात्र रोज शाबासकी मिळते, तो एक शेवटचा दिवस सोडून.

वाळूतला_माणूस
आमच्याकडे कंट्रोल रूमच्या भिंतीवर एक कागद लावलाय, मोठ्या साहेबांच्या सहीचा. चुकून बंद केलंत तरी तुम्हाला कुणी काही विचारणार नाही, असा. पिवळा पडलाय, पण कोणी काढत नाही.

तांबडा_रस्सा
त्या कागदाचा फोटो मिळाला तर आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही देईन. लिफ्ट बंद करायला घाबरतो बिचारा.

पहिली_पाळी
नमस्कार. मीच तो पुतण्या. काकांनी लिंक पाठवली आणि म्हणाले सगळे प्रतिसाद वाच, मग माझ्याशी बोल. दोन रात्री वाचत होतो.

काल एचआर आणि शिफ्ट मॅनेजर यांच्याशी पुन्हा बोललो. गजर यांचा प्रश्न विचारला. मॅनेजरने लगेच उत्तर दिलं नाही, पण संध्याकाळी मेल आली आणि तिच्यात महिन्याचा तक्ता होता. आकडा दहा मिनिटांत एकपेक्षा जास्त आहे. त्यांनी स्वतःच लिहिलं, की हे कमी करायलाच आम्हाला इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस हवा आहे. मला ते आवडलं.

काकांचाही प्रश्न विचारला: रात्री दोन वाजता मला विहीर बंद करावीशी वाटली तर आधी कुणाला फोन करू? ते म्हणाले, आधी बंद कर, मग फोन कर.

आणि तिसरं मी मागून घेतलं. खुर्चीत बसण्याआधी १४-१४ दिवसांच्या दोन फेऱ्या समुद्रात, ऑपरेटरच्या हाताखाली. त्यांच्या प्रशिक्षणात हे नव्हतं, पण हो म्हणाले. परतीची_वाट मावशी, तुमचं वाचूनही मी हे मागितलं. मी ज्यांना सॉर्टीवर पाठवणार त्यांच्याबरोबर एकदा तरी त्या हेलिकॉप्टरमध्ये बसलेलो असावं असं वाटलं. पोचलो की आईला फोन करीन.

परतीची_वाट
आधी आईला, मग इथे लिही. आम्हीही वाट बघू.

लाटांवरचा
बाळा, वाचलं. संध्याकाळी घरी येतो.

पहिली_पाळी
एक शंका राहिली. त्याआधी गोव्याला बेतुलच्या संस्थेत प्रशिक्षण आहे. खोट्या हेलिकॉप्टरमध्ये पट्टा बांधून पाण्यात उलटं करतात म्हणे. मला पोहता येत नाही. कोणी केलंय का?

एरंडीचं_शेत
आम्ही कोरडवाहू, पास. नारळपाणी पिऊन ये.

लाटांवरचा
मी केलंय, दर काही वर्षांनी पुन्हा करावं लागतं. लाइफ जॅकेट असतं, पाणबुडे शेजारीच असतात. पोहण्यापेक्षा क्रम महत्त्वाचा. पाणी चढायला लागलं की एक हात खिडकीच्या चौकटीवर ठेव आणि काही झालं तरी तो सोडू नकोस. उलटं झाल्यावर वर-खाली, डावं-उजवं काही कळत नाही, नाकात पाणी जातं, पट्टा सोडून सुटावंसं वाटतं. तरी थांब. हेलिकॉप्टर हलायचं पूर्ण थांबू दे. मग दुसऱ्या हाताने पट्टा सोड आणि ज्या हाताने चौकट धरलीस त्याच्या मागे बाहेर ये.